पंगतींत बसणारे आणि वाढणारे

छत्रपति संभाजीनगराहून जालन्याच्या रस्त्यानें निघालें कीं शेंद्रा लागतें. हें गांव आज कारखान्यांमुळें ओळखलें जातें. २००१ मध्यें येथें स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला आणि २०१९ मध्यें ऑरिक या नव्या औद्योगिक नगराचें उद्घाटन झालें. कारखाना उभा राहिला कीं नाना प्रांतांचीं माणसें येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची उपासनाहि येते. अशा वसाहतीजवळच्या ख्रिस्ती मंडळींत रविवारीं मराठवाड्यांतील खेड्याचें कुटुंब, केरळची परिचारिका, तामिळ कारागीर आणि छोटा नागपूरचा उरांव मजूर एकाच बांकावर बसूं शकतात. एका बांकावर बसलेलीं हीं माणसें एका घरचीं कशीं व्हावींत, हा खरा प्रश्न आहे.

याचीं दोन सोपीं उत्तरें नेहमीं दिलीं जातात. पहिलें, प्रत्येक भाषेची उपासना निराळी ठेवावी. त्यानें तंटा टळतो खरा; परंतु एका छपराखालीं चार मंडळ्या होतात आणि त्यांची गांठ केवळ दाराशीं पडते. दुसरें, सर्वांना थोडीबहुत समजेल अशी हिंदी किंवा इंग्रजी स्वीकारावी. त्यानें नवागताची सोय होते, पण ज्या म्हातारीनें आयुष्यभर मराठींत प्रार्थना केली, ती आपल्याच देवळांत पाहुणी ठरते.

हा पेच नवा नाहीं. यरुशलेमांतील पहिल्या मंडळींतच तो उत्पन्न झाला होता. रोजच्या अन्नवाटपांत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतें, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार होती; वाटप अर्थात् स्थानिक हिब्रू भाषिकांच्या हातीं असावें. प्रेषितांनीं तक्रारकर्त्यांची नुसती समजूत घातली नाहीं, किंवा त्यांना निराळी पंगत मांडून दिली नाहीं. मंडळीनें सात माणसें निवडलीं आणि वाटपाचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. स्तेफन, फिलिप्प इत्यादि त्या सातांचीं नांवें पाहतां तीं सर्व ग्रीक आहेत. एक तर अंत्युखियाचा, धर्मांतर करून यहूदी झालेला परका होता. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातीं पळी! त्यानंतर शिष्यांची संख्या फार वाढली, असें ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे.

आपल्याकडील लग्नघरांतहि हाच न्याय चालतो. पाहुण्याला आग्रहानें पाटावर बसवितात; घरचा मनुष्य मात्र पदर खोंचून वा बाह्या सारून वाढावयास उठतो. नुसत्या आदरातिथ्यानें पाहुणे वाढतात, घर वाढत नाहीं.

मराठी ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट कळावयास हवी, कारण तोहि एके काळीं स्वतःच्या उपासनेंत पाहुणा होता. परदेशी चालींवर बसविलेलीं गीतें तो गात असे. गोव्यांत फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येंच छापलें गेलें होतें; पुढें १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं अभंग आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेंत मानाचें स्थान मिळवून दिलें. आपल्या सुरांत देवाला हांक मारतां येणें म्हणजे काय, हें ज्याला ठाऊक आहे, त्यानें उरांव बंधूच्या गीताला परकें म्हणूं नये.

ऐक्यासाठीं सारे भेद पुसावे लागतात असेंहि नाहीं. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. कांहींजण बालकांना बाप्तिस्मा देत, तर कांहीं जाणत्या वयांतच देत. एकत्र झालेल्या मंडळीनें दोन्ही प्रकार मान्य केले. या वाटाघाटींना १९२९ मध्यें आरंभ झाला होता. म्हणजे त्यांना चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

शेंद्र्यासारख्या ठिकाणीं एवढी सवड मिळत नाहीं. नोकरी बदलली कीं कुटुंब हलतें. म्हणून काम पहिल्या महिन्यापासूनच वांटून द्यावें. मुख्य प्रार्थना व प्रभुभोजन सर्वांनीं मिळून करावें. शास्त्रपाठ आळीपाळीनें निरनिराळ्या भाषांत व्हावा. परभाषेचें गीत देवनागरींत लिहून त्याचा अर्थ आधीं सांगावा, म्हणजे सर्वांना तें गातां येईल. पाळीच्या कामगाराला रविवारची सुटी मिळेलच असें नाहीं. त्याच्यासाठीं संध्याकाळचीहि वेळ ठेवावी. परंतु सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पंचांच्या बैठकींत, दानाच्या हिशेबांत आणि आजाऱ्याच्या समाचारांत नवागताला वाटा असावा. तो चुकेल, त्याची मराठी अडखळेल, जुन्या मंडळींना थोडें मागें सरावें लागेल. ही किंमत द्यावीच लागते. असा मनुष्य उद्यां दुसऱ्या गांवीं बदलून गेला, तरी तेथल्या पंगतींत तो वाढावयासच उभा राहील.