विज्ञानशिक्षणाच्या वाटा (लेखांक ६) : उत्तर ठरवायचे कोणी?

शिक्षकाने टेबलावर करून दाखवलेल्या प्रात्यक्षिकात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, तर मुलाने स्वतः केलेल्या प्रयोगात तो हाती यायचा असतो, हा भेद मागील लेखांकात स्पष्ट केला होता. हा भेद रोजच्या तासिकेत उतरवायचा झाल्यास केवळ शिकवण्याची रीत बदलून भागत नाही. पाठ्यपुस्तक, साहित्य, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि परीक्षा या साऱ्यांना हात घालावा लागतो. भारतात हे सर्व एकत्रितपणे आणि दीर्घकाळ करून पाहिलेला प्रयत्न म्हणून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा विचार करणे उचित ठरेल.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत हा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील वैज्ञानिक व प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व शाळांत पोहोचला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

या कार्यक्रमाचे ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक रूढ अर्थाने पाठ्यपुस्तक नव्हतेच. त्यात प्रयोग कसा करायचा याच्या सूचना होत्या, प्रश्न होते आणि निरीक्षणे मांडण्यासाठी तक्ते होते. मात्र व्याख्या आणि निष्कर्ष सहसा आयते दिलेले नव्हते. मुलांनी लहान गट करून प्रयोग करायचे, निरीक्षणे वहीत लिहायची, मग सर्व गटांची निरीक्षणे फळ्यावर मांडून वर्गाने चर्चा करायची आणि त्या चर्चेतून निष्कर्षापर्यंत यायचे, असा हा क्रम होता. शिकणारा स्वतःच्या अनुभवातून ज्ञानाची उभारणी करतो, या विचाराला ज्ञानरचनावाद म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द फार पुढे, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर, शिक्षकांच्या तोंडी रुळला आणि काही ठिकाणी वर्गाची फरशी रंगवण्यापुरता उरला, ही गोष्ट वेगळी.

या रीतीतील खरी अडचण, आणि खरी संपत्तीही, फळ्यावरच्या तक्त्यात दिसते. समजा, वर्गातील एकाच बाकाची लांबी आठ गटांनी मोजली, तर आठही आकडे क्वचितच सारखे येतात. कोणाची पट्टी सरकलेली असते, कोणी शून्याऐवजी पट्टीच्या कडेपासून मोजलेले असते, तर कोणी दोन रेघांच्या मधले अंतर अंदाजाने धरलेले असते. पारंपरिक वर्गात शिक्षक ‘बरोबर’ लांबी सांगून हा गोंधळ मिटवतात आणि त्याबरोबर शिकण्याची संधीही मिटते. तक्ता तसाच ठेवून ‘आकडे वेगळे का आले?’ असे विचारले, तर मापनातील घट-बढ म्हणजे काय, एखादा आकडा इतरांपासून फारच दूर असेल तर त्याचे काय करायचे, पुन्हा मोजायचे की सरासरी काढायची, हे प्रश्न मुलांमधूनच उभे राहतात. येथे शिक्षकाचे काम कमी होत नाही, उलट अवघड होते. कारण उत्तर ठाऊक असूनही ते राखून ठेवायचे आणि चर्चा भरकटल्यास ती नेमक्या प्रश्नाने परत आणायची, ही कसोटी व्याख्यानाहून कठीण आहे. विद्यार्थिकेंद्री अध्यापन म्हणजे करमणूक, हा समज येथे टिकत नाही.

साहित्याच्या बाबतीत कार्यक्रमाने आसपासच्या वस्तूंवर भर दिला, आणि विच्छेदनाच्या सुईच्या जागी बाभळीचा काटा हे त्याचे बोलके उदाहरण आहे. टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये या कामाशी जोडले गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे व काडेपेटीतील काड्या यांपासून त्यांनी भूमितीय आकृत्यांचे सांगाडे घडवले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतील त्यांच्या कामामुळे ही परंपरा मराठी मुलांपर्यंत पोहोचली. अशा साहित्याचा स्वस्तपणा सांगितला जातोच. परंतु त्याहून मोलाची गोष्ट अशी की, मोडले तर काय, या भीतीने कपाटात कुलूपबंद होणारे ते साहित्य नव्हे.

मुलांच्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. त्याच्या नावाने मुले पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे मिळत. शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण होते, आणि त्यात शिक्षकांनी मुलांसारखेच गटांत बसून तेच प्रयोग करायचे असत. मासिक बैठकांत वर्गातील अडचणी मांडल्या जात आणि त्यांतून पुस्तकाच्या पुढील आवृत्त्या सुधारत. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवण्यास मुभा होती, शिवाय प्रायोगिक परीक्षा वेगळी होती. यातील परीक्षेचा बदल सर्वांत निर्णायक मानावा लागेल. वर्षभर शोध घेण्यास सांगून वर्षाअखेरीस व्याख्या लिहून मागितल्या, तर मुले आणि पालक दोघेही व्याख्यांकडेच वळतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

कार्यक्रम आठवीपर्यंतच होता; नववीत मुलांपुढे पुन्हा नेहमीचे पाठ्यपुस्तक आणि नेहमीची परीक्षा येत असे. माहितीचा साठा आणि विचार करण्याची सवय यांतील कशाला अधिक वजन द्यावे, हा वाद या सांध्यावर सतत उभा राहणे स्वाभाविक होते, कारण वरच्या वर्गांची मोजपट्टी माहितीचीच होती. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला आणि तेथील शाळांत राज्याचे सर्वसाधारण पाठ्यपुस्तक परत आले. एकलव्यचे काम मात्र थांबले नाही; त्याच परंपरेतील ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाशी नाते सांगणारे ‘शैक्षणिक संदर्भ’ पुण्यातून मराठीत निघू लागले आणि त्यातून अशा प्रयोगांची चर्चा महाराष्ट्रातील शिक्षकांपर्यंत येत राहिली.