जमिनीखालच्या भिंतीला साक्षीदार कोण?

औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, पैठणच्या रस्त्याने निघाले की चितेगाव लागते. हे कारखान्यांचे गाव. इथल्या व्हिडिओकॉनच्या कारखान्याने एकेकाळी मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटवली. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि कामगार रस्त्यावर आले. याच पैठण रस्त्याने जायकवाडीचे पाणी जलवाहिन्यांतून शहराकडे जाते. परवा इथल्या चहाच्या टपरीवर एका कंत्राटी कामगाराने आम्हाला विचारले, "सर, धरण म्हातारं झालं म्हणजे नेमकं काय होतं? आणि त्याची दुरुस्ती कोण करतं?"

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर अभियंते देतील. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र समाजाने शोधायचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

चितेगावपासून तीसेक किलोमीटरवर नाथसागराची भिंत आहे. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी तिची पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. भिंतीची लांबी सुमारे 10 किलोमीटर, दरवाजे 27, आणि बहुतेक भिंत मातीची. शंभरावर गावे तिच्यासाठी पाण्याखाली गेली. ऑगस्ट 2006 मध्ये याच दरवाजांतून अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांनी काय भोगले ते आम्ही विसरलेलो नाही. जायकवाडी फुटेल अशी आवई आम्हाला उठवायची नाही. पण देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, त्यातली शेकडो पन्नाशीला आली किंवा ओलांडून गेली. आज ना उद्या या धरणांच्या पोटात दुरुस्तीची कामे निघणार. ती कोणाला आणि कोणत्या अटींवर मिळणार, हे आत्ताच विचारले पाहिजे.

मातीचे कोणतेही धरण थोडेफार झिरपतेच. पायथ्याच्या चारीतून नितळ पाणी ठराविक मापाने येत असेल तर घाबरण्याचे कारण नसते. पाणी वाढले, गढूळ झाले, की समजावे, ते आतली माती घेऊन निघाले आहे. आत पोकळी होते, ती वाढत जाते आणि एक दिवस बांध खचतो. पाया झिरपत असेल तर दोन मुख्य उपाय असतात. एक म्हणजे ग्राउटिंग. खडकात ओळीने भोके पाडायची आणि दाबाने सिमेंटचा पातळ रबडा आत भरायचा. दुसरा उपाय म्हणजे भूमिगत भिंत. बांधाच्या माथ्यावरून यंत्राने अरुंद, खोल चर खणायचा, तो ढासळू नये म्हणून बेंटोनाईट मातीच्या पाण्याने भरलेला ठेवायचा आणि तळापासून वर काँक्रीट चढवत न्यायचे. असा एकेक तुकडा शेजारच्या तुकड्याला जोडत भिंत पुरी करायची.

आता नीट पाहा. या भिंतीची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. ती तळाच्या अभंग खडकात पुरेशी रुतली का, आणि दोन तुकड्यांतला सांधा बंद झाला का? ही दोन्ही ठिकाणे जमिनीखाली असतात. पूल वाकडा झाला तर शाळकरी पोरालाही दिसतो, रस्ता उखडला तर एसटीच्या गचक्यात कळतो. इथे काम झाकले गेले की उरते ती फक्त मोजमाप पुस्तिका. तिच्यात जे लिहिले तेच झाले असे मानून बिल निघते.

बिल कोणत्या हिशेबाने निघते, यावर सगळे अवलंबून आहे. ग्राउटिंगमध्ये खडक किती सिमेंट पिणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते. गोण्यांवर पैसे द्यायचे ठरले, तर गोण्यांचा आकडा वाढतो, कधी खडकात तर कधी नुसता कागदावर. सगळ्या कामाची एकठोक रक्कम ठरवली, तर सिमेंट वाचवण्यातच कंत्राटदाराचा फायदा. आपल्याकडे तर अंदाजपत्रकापेक्षा जो जास्त टक्के खाली येईल त्याला काम, हीच रीत. वीस-पंचवीस टक्के खाली आलेला माणूस पैसा कुठून काढणार? जिथे कोणी बघत नाही तिथून. म्हणजे जमिनीखालून.

अमेरिकेसारखा श्रीमंत देशही इथे शिकला तो ठेच खाऊनच. केंटकी राज्यात कंबरलँड नदीवर वुल्फ क्रीक नावाचे धरण आहे. त्याच्या पायथ्याला 1967-68 मध्ये खड्डे पडले, गढूळ पाणी आले. आधी ग्राउटिंग केले, मग 1975 ते 1979 या काळात भूमिगत भिंत घातली. ती पुरेशी खोल आणि लांब नव्हती. पाण्याने तिच्या खालून आणि बाजूने वाट काढली. जानेवारी 2007 मध्ये जलाशयाची पातळी उतरवावी लागली आणि पहिलीपेक्षा खोल, लांब अशी दुसरी भिंत 2013 मध्ये पुरी झाली. दुसऱ्या वेळी काम देताना फक्त सर्वात कमी दर बघितला नाही. अशा कामाचा अनुभव आणि काम करण्याची पद्धतही तोलली. 2009 मध्ये बांधात हालचाल दिसताच त्या भागातले काम थांबवले गेले. कंत्राटदाराचा खोळंबा होतो म्हणून यंत्रे पुढे रेटली नाहीत.

इतक्या दूर जायचे नसेल तर आपल्याच गोदावरीच्या काठाने खाली उतरा. आंध्र प्रदेशात पोलावरम धरण बांधले जात आहे. त्याच्या मुख्य बांधाखालची भूमिगत भिंत 2018 मध्ये पुरी झाली. 2019 मध्ये सरकार बदलले, कंत्राटदारही बदलला. पुराचे पाणी अडवणारे तात्पुरते बांध तेव्हा अपुरेच होते. 2019 आणि 2020 च्या पुरांनी नदीचा तळ खरवडला आणि भिंतीला इजा झाली. शेवटी जानेवारी 2025 पासून नव्या भिंतीचे काम सुरू झाले, सुमारे 990 कोटी रुपयांचे. आजी-माजी सत्ताधारी एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्या एक लाखाहून अधिक कुटुंबांना या धरणासाठी उठावे लागते आहे, ज्यांत आदिवासी मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवायलाही कोणी नाही.

आणि आपले तिवरे? 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले हे धरण फुटले आणि भेंदवाडीत वीसहून अधिक माणसे गेली. धरण गळते आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. दुरुस्ती केल्याचेही सांगितले गेले. नंतर राज्याच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले. खेकड्यांची बाजू मांडायला वकील नसतो. झाकलेल्या कामाचे असेच होते. साक्षीदार नसला की आरोपीही हवा तो निवडता येतो.

आमचा मुद्दा इथे येतो. जमिनीखालच्या कामाला साक्षीदार असतोच. बोअरच्या यंत्रावर उभा असलेला मजूर जाणतो की अमुक भोकात पाणी एकदम गायब झाले, तमुक ठिकाणी यंत्र खडकाला न लागताच वर घेतले. तो असतो कोण? बहुधा आपल्याच वस्तीतला, भूमिहीन घरातला. त्याचे नाव हजेरीपटावर असेलच असे नाही. त्याने तोंड उघडले तर उद्या त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. दुसरा साक्षीदार म्हणजे खात्याचा कायम नोकरीतला कनिष्ठ कर्मचारी. त्या जागांवर आरक्षणाने आपली मुले येत होती. जागा रिकाम्या ठेवल्या, कामे बाहेर दिली, तिथे आरक्षण संपले. आम्ही सांगू इच्छितो की तिथे नुसते आरक्षण संपले नाही, धरणावरचा पहारेकरीही संपला. कंत्राटीकरणाने एकाच फटक्यात आपली नोकरी नेली आणि धरणाखाली राहणाऱ्या सगळ्यांची सुरक्षितताही नेली.

काही बांधव म्हणतील, मग कंत्राटातच आपला वाटा मागू या. जरूर मागू या. कर्नाटकाने कायदा करून अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांसाठी ठराविक रकमेपर्यंतच्या कामांत वाटा राखला आहे. महाराष्ट्राने तसे का करू नये? पण कंत्राटदाराची जात बदलली म्हणून जमिनीखालचा सांधा आपोआप बंद होत नाही. तपासणी नसेल तर आपला माणूसही त्याच साखळीची कडी होईल, हे कटू असले तरी सत्य आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याने 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग उभा केला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पायाही त्याच काळात घातला गेला. मजूर आणि पाटबंधारे तेव्हा एकाच खात्यात, एकाच मंत्र्याकडे होते. आज या दोघांची फारकत झाली आहे. धरणाच्या फाईलमध्ये मजूर दिसत नाही, मजुराच्या फाईलमध्ये धरण दिसत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. धरणाच्या पोटातले काम टक्केवारीच्या निविदेने देऊ नका, अनुभव तपासून द्या. काम झाल्यावर तपासणीची भोके कंत्राटदाराशी संबंध नसलेल्या यंत्रणेने पाडावीत आणि त्या निकालाशिवाय शेवटचे बिल निघू नये. अनामत रक्कम काही पावसाळे पार पडेपर्यंत सोडू नये. मोजमापाची नोंद धरणाखालच्या ग्रामसभांत वाचून दाखवावी. यंत्रावरच्या मजुराचे नाव हजेरीपटावर असावे, आणि तो बोलला म्हणून त्याचे काम जाऊ नये. धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. मोठ्या धरणांची सर्वंकष तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा त्याने पाच वर्षांत बंधनकारक केला आहे. जायकवाडीखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने हा आराखडा लेखी मागावा.

चितेगावच्या त्या कामगाराला आम्ही इतकेच सांगितले, "धरण म्हातारं होतं तेव्हा त्याला औषध लागतं, आणि औषध खरंच दिलं का, हे बघणारा माणूस लागतो." तो म्हणाला, "बघणारे तर आम्हीच असतो सर. पण आम्हाला कोण विचारतं?"

आपण विचारू या. आपल्या गावातले कोणी अशा कामावर बोअरच्या यंत्रावर राहिले असेल, तर त्याला आधी विचारू या.