दाढ गेली म्हणून जबडा दुखतो?

दाढ काढली, हिरडी भरून आली, जेवण दुसऱ्या बाजूने सुरू झालं. मग एखाद्या दिवशी जांभई देताना कानापाशी ‘कट्’ वाजतं आणि घरातलं कुणीतरी सुनावतं, ‘ती दाढ वेळेवर बसवून घेतली नाहीस ना, भोग आता!’

या समजाला चांगला नव्वद वर्षांचा वैद्यकीय इतिहास आहे. 1934 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी 11 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कान दुखतो, गच्च वाटतो, आत आवाज येतो, चक्कर येते. दोष मात्र त्यांना जबड्याच्या सांध्यात दिसला. कॉस्टेन यांचा तर्क असा : दाढांचा आधार गेला की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, खालच्या हाडाचं टोक मागे सरकतं आणि कानाजवळच्या नसा दाबते. पटण्यासारखंच होतं. पण पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की तिथली हाडं आणि नसा ज्या जागी आहेत, तिथे असा दाब पडणं कठीण. तर्क मागे पडला, धास्ती उरली.

एक साधी गोष्ट बघा. दात सर्वांत कमी कुणाला? म्हाताऱ्या माणसांना. दात नसणं हेच मूळ कारण असतं, तर बोळकं तोंड असलेल्या प्रत्येक आजीचा जबडा ठणकला असता. प्रत्यक्षात या दुखण्याचे रुग्ण जास्त आढळतात ते वीस ते चाळीस वयोगटात, त्यातही बायका अधिक. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी मोठ्या दाढा गेलेल्या, पण पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांच्यात सांध्याच्या तक्रारी काही वाढल्या नव्हत्या.

म्हणजे दाढ गेल्याने काहीच बिघडत नाही, असं नव्हे. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात हळूहळू खाली किंवा वर येतो, भाकरी एकाच बाजूने चावली जाते. दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या तर चावण्याचे हालच. दाढ बसवायची ती यासाठी. जबड्याच्या दुखण्यामागे मात्र बहुधा अनेक गोष्टी एकत्र असतात : झोपेत दात खाणं, ताण, अपुरी झोप, जबड्याला बसलेला मार, संधिवात. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड नीट उघडतं, तर उपचाराची गरज सहसा नसते. दुखत असेल तर मऊ जेवण, शेक, जबड्याचे व्यायाम, रात्री दातांवर घालायचं गार्ड. यातलं काही मानवलं नाही तर थांबवता येतं. जबड्याच्या दुखण्यासाठी धडधाकट दात घासून तोंडभर कॅप बसवायचा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंच. घासलेला दात परत मिळत नाही.

आपल्याकडे आणखी एक गफलत होते. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जाईनात, की माणूस सांध्याला दोष देतो. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांत खरं कारण पुष्कळदा वेगळं निघतं : गालाच्या आतलं अस्तर ताठर झालेलं असतं. त्याआधी कित्येक दिवस तिखट झोंबत असतं, पण ठेचा खाणारा ते मिरचीवर ढकलतो. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. त्यात आधी सुपारी सुटावी लागते, मग बाकीचे उपचार.