जुन्या नळांना राळेचे अस्तर

विहार तलावाचे पाणी १८६० साली बिडाच्या नळांतून मुंबईत आले, तेव्हापासून या शहराच्या पोटात नळांचे जाळे वाढतच गेले आहे. धरणाचे उद्घाटन समारंभपूर्वक होते. जमिनीखालच्या नळाची मात्र तो फुटेपर्यंत कोणी वास्तपुस्त करीत नाही. सार्वजनिक मालमत्तेचा घसारा हिशेबात न धरण्याची ही खोड केवळ आपलीच नव्हे. पूर्वसूरींनी टाकलेल्या नळांचे ऋण आज युरोपातील अनेक शहरेही फेडीत आहेत.

बिडाचा नळ आतून गंजतो. गंजाच्या गाठी साचून त्याचा मार्ग अरुंद होतो, पाण्याचा दाब घटतो आणि घरात तांबूस पाणी येते. नळ बदलावयाचा तर रस्ता खणणे, वाहतूक वळविणे आणि शेजारच्या तारा व वाहिन्या सांभाळणे ओघानेच आले. यावर तोड म्हणून ब्रिटनने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इपॉक्सी राळेच्या अस्तराचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. नळ रिकामा करून आतून खरवडायचा, धुऊन कोरडा करायचा, मग राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य ठराविक प्रमाणात मिसळून फिरत्या तोटीने सुमारे एक मिलिमीटर जाडीचा थर आतून फवारायचा, अशी ही पद्धत. तेथील नियमांनुसार थर पक्का होण्यास किमान १६ तास द्यावे लागत. त्यानंतर नळ धुऊन, निर्जंतुक करून पाणी सोडले जाई.

ही पद्धत स्वस्त आहे यात शंका नाही. परंतु तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. एवढा पातळ थर गंज रोखतो. तडकलेल्या वा खिळखिळ्या झालेल्या नळाला तो बळ देत नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. इपॉक्सी राळ तयार करताना बहुधा बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरले जाते आणि ते शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करते. मिश्रणाचे प्रमाण चुकले किंवा थर कच्चा राहिला, तर त्याचा अंश पाण्यात उतरू शकतो. स्वीडनने २०१६ साली पिण्याच्या पाण्याच्या नळांना अस्तर देताना या रसायनाच्या वापरास बंदी केली. पुढे २०२३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या रसायनाची सुसह्य दैनिक मात्रा पूर्वीच्या तुलनेत वीस हजार पटींनी खाली आणली. काल निर्धोक मानलेली वस्तू आज संशयास्पद ठरू शकते, हाच यातील धडा होय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मूळ प्रश्न येथेच उपस्थित होतो. रस्ता न खणल्याने झालेली बचत पालिकेच्या जमाखर्चात तत्काळ दिसते. कच्च्या अस्तराची किंमत मात्र पाणी पिणारा नागरिक चुकवितो आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदली जात नाही. आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते. पाणी बंद असताना रिकाम्या नळाच्या तड्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत शिरते. अशा नळाला अस्तराची नव्हे, बदलण्याचीच गरज असते. शिवाय पाण्याची वेळ चुकली की गृहिणी रिकाम्या हंड्यांनिशी कार्यालयावर धडकणार, या धास्तीने १६ तासांचे १० तास करण्याचा मोह कंत्राटदाराला आणि अधिकाऱ्यालाही होणे अशक्य नाही.

म्हणून राळेचे अस्तर सरसकट नाकारण्याचे कारण नाही आणि डोळे मिटून स्वीकारण्याचेही नाही. नळ मुळात शाबूत आहे की नाही याची आधी तपासणी, केवळ मान्यताप्राप्त द्रव्यांचा वापर, काम चालू असेतो टँकरची सोय आणि नंतर पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर करणे, एवढी पथ्ये तरी पाळली गेलीच पाहिजेत. त्याचबरोबर दरवर्षी घसाऱ्याची रक्कम बाजूला काढून ती नळ बदलण्यासाठीच राखून ठेवली पाहिजे. दुरुस्तीने नळाचे आयुष्य वाढते हे खरे. परंतु नवा नळ टाकण्याचे दायित्व त्यामुळे टळत नाही, ते केवळ पुढच्या पिढीच्या खात्यावर जाते.