रब्बींचा शब्द आणि मतपेटी

एकी करावयाची म्हणजे काय काय गिळावे लागते, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणूनच इस्रायलमधील धर्मनिष्ठ ज्यूंच्या पक्षांची हकीकत आम्ही जरा आपुलकीने वाचतो.

तेथे मत व्यक्तीला नव्हे, पक्षाच्या यादीला पडते. क्नेसेट ही त्यांची लोकसभा. तिच्या १२० जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. १९४९ च्या पहिल्या निवडणुकीत मिझ्राही, अगुदत इस्रायल आणि दोहोंचे कामगार पक्ष अशा चौघांनी एकच यादी केली व १६ जागा मिळविल्या. १९५१ साली चौघे चार वाटांनी गेले. जागा मिळून १५ झाल्या. त्यांतल्या ८ एकट्या मिझ्राही कामगारांच्या! (आम्हांस याचे नवल वाटले नाही.)

भांडण जागांचे कमी, अधिकाराचे जास्त. मिझ्राहीला राष्ट्र उभारणे हे धर्मकार्यच वाटे. अगुदत त्या राष्ट्रवादाकडे संशयाने पाही, आणि तिच्यात अखेरचा शब्द निवडून आलेल्यांचा नसून थोर धर्मपंडितांच्या मंडळाचा. १९६० साली अगुदतच्या कामगार पक्षाने हा शब्द मोडला. मंडळाचा विरोध असताना तो सरकारात शिरला आणि त्याचे पुढारी बेंजामिन मिंट्झ टपालमंत्री झाले. मजुरांची घरे, शाळा यांची कामे सरकारात बसल्यावाचून होत नाहीत, हे त्यांना दिसत असणार. पण गुरूची आज्ञा मोडणारा पक्ष गुरूच्या नावावर मते कशी मागणार?

१९८८ मध्ये रब्बी शाख यांच्या अनुयायांनी 'देगेल हातोरा' हा वेगळा पक्ष काढला. त्यास २ जागा मिळाल्या, अगुदतला ५. पुढे क्नेसेटमध्ये शिरण्यास लागणाऱ्या मतांची किमान मर्यादा शेकडा १ वरून दीड झाली आणि १९९२ साली दोघे एका यादीवर आले. मने जुळली असे कोणी समजू नये, हिशेब जुळला. २०१५ साली ही मर्यादा सव्वातीन होती. शास पक्षातून फुटलेल्या एली यिशाई यांच्या यादीस सुमारे सव्वा लाख मते पडली, शेकडा तीनच्या किंचित खाली. जागा एकही नाही.

रब्बींच्या अधिकाराची झळ आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल मंडळींनाही लागली. समाजाबाहेर विवाह करताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश मुख्य रब्बींच्या कार्यालयाने काढला होता. ही मंडळी निदर्शनास बसली. अखेर १९६४ च्या ऑगस्टात क्नेसेटने ठराव करून ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.