कॅमेऱ्याच्या जुन्या चामडी पेट्या

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद पुष्कळांस असतो. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी नाणीं, तर कोणी जुने कॅमेरे. परंतु कॅमेरा ज्या चामडी पेटींत राहत असे, ती पेटी मात्र बहुधा अडगळ म्हणून फेकून दिली जाते. वस्तुतः कॅमेरा कोणी व कसा वापरला, हें कॅमेऱ्यापेक्षां त्याची पेटीच अनेकदां अधिक सांगते. अशा पेट्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभीं छायाचित्रकारास जड कॅमेरा, तिपाई व कांचेच्या प्लेटा यांचें ओझें बाळगावें लागे. इ. स. १८८८ मध्यें अमेरिकेंतील रॉचेस्टर शहरीं जॉर्ज ईस्टमन यांनीं ‘कोडॅक’ नांवाचा लहान कॅमेरा विक्रीस काढला. त्याची किंमत २५ डॉलर होती. तींत १०० चित्रांची फिल्म भरून मिळे, आणि खांद्यास अडकविण्याची चामडी पेटीही त्याच किंमतींत येई. चित्रें घेऊन झालीं म्हणजे कॅमेरा रॉचेस्टरला पाठवावयाचा. १० डॉलर घेऊन कारखाना चित्रें तयार करी व नवी फिल्म भरून तो परत धाडी. अशा प्रवासी यंत्रास मजबूत पेटी हवीच होती.

पुढें १९१२ सालीं ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ निघाला. पहिल्या महायुद्धांत तो सैनिकांचा कॅमेरा म्हणून गाजला. त्याच्यासाठीं कमरेच्या पट्ट्यांत ओवण्याजोग्या चामडी पिशव्या निघाल्या. १९२५ सालीं जर्मनींत ‘लायका’ बाजारांत आला. त्यानंतरच्या दशकांत अशा कॅमेऱ्यांसाठीं नव्या तऱ्हेची खोळ रूढ झाली. कॅमेरा तिच्या तळाशीं स्क्रूनें जखडलेला असे व पुढचें झांकण खालीं सोडलें कीं, तो बाहेर न काढतां चित्र घेतां येई. खांदा, कंबर आणि गळा असा हा पेटीचा प्रवास म्हणजे छायाचित्रणाचाच इतिहास होय.

जाणता संग्राहक पेटी हातीं घेतल्यावर कारखान्याचा ठसा, टांके, आंतील मखमल व मालकाच्या नांवाचीं आद्याक्षरें पाहतो. पट्टा कोठें घांसला आहे, कोणता कोपरा झिजला आहे, हेंही तो लक्षांत घेतो. घांसूनपुसून व पॉलिश करून पेटी नवीकोरी केली, कीं या खुणा नाहींशा होतात.

जुन्या चामड्यास एक असाध्य रोग जडतो. तें तांबूस होऊन त्याची भुकटी हातास लागते. झाडांच्या सालींनीं कमावलेल्या कांहीं चामड्यांवर कोळशाच्या व गॅसदिव्यांच्या धुरांतील गंधकयुक्त वायूचा परिणाम होऊन आम्ल तयार होतें, तें या रोगाचें कारण. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें नेमलेल्या समितीनें पुस्तकांच्या चामड्याविषयीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत याचा विचार केला होता. यावर तेल चोळण्याचा मोह टाळावा. तेलानें चामडें काळवंडतें व धूळ धरतें. गेलेलें बळ मात्र परत येत नाहीं. जाणकार लोक सेल्युलोजपासून केलेलें एक द्रव्य अल्कोहोलांत विरघळवून लावतात. त्यानें भुकटी थांबते, रोग बरा होत नाहीं. पितळी बकलाभोंवतीं सांचणारा हिरवा थर लांकडी काडीनें हलकेच काढावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं पेटी जपावी, परंतु कॅमेरा तिच्यांत ठेवूं नये. चामडें हवेंतील ओलावा शोषून धरतें. कोंकणांतल्यासारख्या पावसाळ्यांत त्यावर बुरशी येते व तिचे तंतू भिंगाच्या कांचेस कायमचे डाग पाडतात. ज्या पेटीनें कॅमेऱ्याचें रक्षण केलें, तीच अशा रीतीनें त्याचा घात करते. म्हणून दोन्ही वस्तू कोरड्या जागीं वेगळ्या ठेवाव्या, पेटींत आकार टिकण्यापुरता आम्लरहित कागद भरावा व दोहोंवर एकच क्रमांक घालावा, म्हणजे जोडी मोडणार नाहीं.

पालकांस शेवटीं एक विनंती आहे. घरांतील ट्रंकेंत अशी पेटी सांपडल्यास ती चांभाराकडे धाडण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस, ती कोणाची व तिनें कोणते प्रवास केले, हें विचारावें आणि तें कागदावर लिहून पेटींत ठेवावें. चामड्याचा क्षय पुष्कळ वर्षें रोखतां येईल. पण सांगणारें माणूस गेल्यावर ती माहिती मिळणार नाहीं.