ताई, फक्त एक सही!

पॅकेज, ईएमआय, एसआयपी... आपल्या पिढीला सगळं तोंडपाठ! पण गावच्या सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का, असं कुणी विचारलं की आपण एकदम ब्लँक.

हिंजवडीत आयटीत असलेल्या माझ्या मैत्रिणीचंही तेच झालं. तिचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यात. कापूस, सोयाबीन, तुरीचा पट्टा. वडील गेले. मागे आई, धाकटा भाऊ आणि सहा एकर वडिलोपार्जित शेत. महिन्याभरात भावाचा फोन, ‘ताई, एक सहीच तं पाहिजे. होळीले आली की करून देजो.’

कागदाचं नाव होतं हक्कसोडपत्र.

ही रीत नवी नाही. बहिणीने सही करायची, भावाने साडीचोळी करायची. हिस्सा मागितला तर ‘माहेर तुटलं’!

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. मग ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं, की हा हक्क जन्मानेच मिळतो. २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते, हा प्रश्नच नाही.

म्हणजे मैत्रिणीच्या घरी आई, भाऊ आणि ती, प्रत्येकी दोन एकर. हो, आईचाही वाटा आहे. हे तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं!

याच भागात कोलाम, गोंड कुटुंबंही राहतात. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही. पण छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या घरच्या मुलीच्या वारसांनाही समान वाटा दिला. मुलींना वगळण्याची रूढी तिथे सिद्धच झाली नव्हती.

भाऊ व्हिलन नाही

शेत तोच कसतो. सातबाऱ्यावर तीन नावं आली, की पीककर्जाला बँक तिघांची संमती मागते. पेरणी तोंडावर आणि बहीण पुण्यात मीटिंगमध्ये! त्याची अडचण खरीच आहे. पण ती एका संमतीपत्राने सुटू शकते, त्यासाठी हक्कच सोडायची गरज नाही.

मैत्रिणीने तेच केलं. वारस म्हणून तिघांची नावं लावायला सांगितली, शेत भावानेच कसावं असंही ठरवलं. भाऊ महिनाभर बोलला नाही. जूनमध्ये कर्जाची संमती वेळेत पोचली, तेव्हा त्याचा फोन आला. फक्त ‘मिळाली’ एवढंच म्हणाला. साडीचोळीचा विषय मात्र दोघांनीही काढलेला नाही.

सगळ्यांनीच असं करावं, असं मी म्हणणार नाही. कुणाला भावाला मनापासून द्यायचंच असेल, तर जरूर द्यावं. फक्त काय देतोय, ते माहीत असावं.

सही करण्याआधी एवढं बघाच

• वारसाची माहिती तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला कळवायची असते. अर्ज ‘ई-हक्क’वरून ऑनलाइनही करता येतो.

• फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. नोटीस ‘आपली चावडी’वर घरबसल्या बघता येते.

• हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. एकदा नोंदलं, की नुसतं ‘मन बदललं’ म्हणून ते मागे घेता येत नाही. ते मोबदला घेऊनही करता येतं, हे सहसा कुणी सांगत नाही!

• वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचं मृत्युपत्र ते कुणाच्याही नावे करू शकतात. म्हणून मिळकत कुठल्या प्रकारची आहे, ते आधी तपासा.

• वकिलाची फी परवडत नाही? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज द्या.

येत्या वीकेंडला मूव्ही बुक करण्याआधी दहा मिनिटं काढा आणि गावचा सातबारा एकदा उघडून बघा. त्यावर आईचं नाव आहे का, हे आधी शोधा!